तीन दिवसांच्या गोळ्या

आमच्या टिकली कुत्रीला चौथ्यांदा तोच आजार झाला तेव्हा मी भांडायला माणूस शोधत होते, आणि घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं. आई शाळेत शिकवायला गेली होती. शनिवार म्हणून मला सुट्टी. एरवी मी सकाळी सातला कंपनीच्या गाडीत बसते, आणि दिवसभर घरात काय झालं ते मला रात्री आठला, बाबांना योग्य वाटेल तेवढंच कळतं.

टिकली अंगणात वाकून बसली, उठली, चार पावलं पुढे गेली, परत बसली. तीन थेंब. पुन्हा उठली. मग माझ्याकडे बघितलं ते अपराधी चेहऱ्याने, जसं काही हे सगळं तीच मुद्दाम करत होती. फरशीवर पडलेलं गुलाबी होतं. बाबांनी फडकं आणून ते पुसून काढलं.

"उष्णता झालीय," ते म्हणाले. "धन्या-जिऱ्याचं पाणी देऊ."

"बाबा, जानेवारी चालू आहे."

"उष्णता शरीरातली असते. कॅलेंडरातली नसते," बाबा म्हणाले आणि फडकं धुवायला आत गेले.

आमच्या घरात असंच बोलतात. नवीन माणसाला वाटतं भांडण चाललंय, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

टिकली मला तीन वर्षांपूर्वी, दोन हजार तीन साली, कल्याणीनगरच्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडली. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, वय दीड-दोन महिने. मी तिला ओढणीत गुंडाळून विश्रांतवाडीला घरी आणलं. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की मी हिचं काहीही करणार नाही, आणि शब्द पाळला; आता रोज एक भाकरी जास्त होते, ती कशी होते ते कोणी विचारत नाही. बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. बाबा आणि टिकली, दोघांनाही दिवसभर घरात काही काम नव्हतं, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं.

पोरीचं दुखणं गेल्या जूनमध्ये सुरू झालं. सारखं बाहेर जायचंय म्हणून दार खरवडायचं, बाहेर नेलं की थेंब थेंब, मधूनच रक्त. जूनमध्ये औषध झालं, बरं वाटलं. ऑगस्टमध्ये परत. नोव्हेंबरमध्ये परत. आणि आता जानेवारी.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या, यासाठी मला पगार मिळतो. आई म्हणते, हे तू फुकटही केलं असतंस. आमच्याकडे एखादा बग दुरुस्त झाला म्हणून बंद करतात आणि दोन महिन्यांनी तोच पुन्हा उघडतो. तसं तीनदा झालं की एकच अर्थ असतो: वरवरची मलमपट्टी झाली, मूळ कोणी पाहिलंच नाही. टिकलीच्या बाबतीत मी मूळ शोधायचा चंग बांधला. आधी मी पाण्यावर संशय घेतला. मग कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर. मग डॉक्टरवर, कारण तो माझ्याहून लहान दिसत होता. बाबांवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. औषधाच्या बाबतीत तरी नाही.

कारण बाबा म्हणजे भालेराव कंपौंडर. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसलेला माणूस, त्यातली एकवीस शहराच्या हद्दीबाहेरच्या एकाच गावात. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची तेव्हा खिडकीसमोरची रांग वडापर्यंत गेलेली असायची. डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे; बाबा रोज असायचे. लाल औषधाच्या बाटलीला डोसाची कागदी पट्टी कातरून चिकटवायची, गोळ्यांची पुडी बांधायची, पुडीवर सूर्य आणि चंद्र काढायचे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही सकाळ-रात्र कळावी. भालेरावांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. बरं वाटलं की परत येऊन सांगायचे, परत दुखलं तरी त्यांच्याकडेच यायचे. कोणी मेथीची जुडी आणायचं, कोणी हरभऱ्याचा टहाळा. बाबा ते घेत नसत, आणि घरी आल्यावर आईला मात्र न चुकता सांगत की आज काय काय घेतलं नाही.

तर टिकलीच्या गोळ्या बाबांच्या हातात गेल्या यात नवल नव्हतं. त्यांनी माळ्यावरून जुना खल काढला. गोळी कुटून दह्यात कालवायची, दही बोटाने टिकलीच्या टाळूला लावायचं. ती मिटक्या मारत खायची. डॉक्टरने लिहिलेला कागद ते माझ्या हातातही देत नसत. तुला त्यातलं काय कळतंय, हा त्यांचा चेहरा असायचा.

त्या शनिवारी आम्ही टिकलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर पियुष खांदवे. आळंदी रोडला आतल्या गल्लीत दोन गाळ्यांचा दवाखाना, बाहेर बाकावर मांजरं, बोकड आणि त्यांचे मालक. त्याने टिकलीचं पोट दाबून पाहिलं, ती कण्हली. मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आता अंदाजाने औषध द्यायला नको. लघवीचं कल्चर करू. कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला मरतो, हे कळेल. उद्या सकाळची पहिली लघवी लागेल. मधली धार, स्वच्छ बाटलीत."

"कुत्र्याची मधली धार?" मी म्हणाले.

"बघा कसं जमतंय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अजिबात थट्टा नव्हती.

बाबांनी ते जमवलं. घरातला मोठा डाव त्यांनी वीस मिनिटं उकळला, पडद्याच्या दांड्याला सुतळीने आवळून बांधला आणि रविवारी सकाळी सहाला स्वेटर-कानटोपी घालून निघाले. पुढे टिकली, मागे बाबा, हातात चार फुटी डाव. मी बाटली धरून त्यांच्या मागे. समोरच्या घरातले सर्जेराव, निवृत्त पोस्टमास्तर, फाटकात उभे होते.

"काय भालेराव, सकाळी सकाळी डाव घेऊन? पंगत आहे का कुठे?"

"आहे," बाबा म्हणाले. "तुम्हाला वाढू का?"

तिसऱ्या प्रयत्नात डाव बरोबर जागी गेला. बाबांचा हात जराही हलला नाही, आणि मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला, हे मी इथे कबूल करते. घरी आईने डावाकडे बघितलं आणि म्हणाली, "हा आता तुमचा. माझ्या स्वयंपाकघरात परत दिसायला नको."

रिपोर्ट गुरुवारी आला. मी अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले, कारण या वेळी मला स्वतः ऐकायचं होतं. डॉक्टर खांदवेंनी कागद आमच्यासमोर ठेवला. औषधांच्या नावांची एक लांबलचक रांग, आणि प्रत्येकापुढे तेच एक अक्षर. ते अक्षर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. खाली दोन नावं उरली होती.

"यातलं एक फक्त इंजेक्शनमध्ये मिळतं आणि ते किडनीला जड आहे," डॉक्टर म्हणाले. "तिच्या किडनीवर आधीच थोडा ताण दिसतोय. त्यामुळे ते मी देणार नाही. राहिल्या या गोळ्या. आठ-आठ तासांनी, अठ्ठावीस दिवस. एकही चुकवायची नाही. याने नाही गेलं तर जंतू वर चढेल, आणि मग माझ्याकडे द्यायला काही राहणार नाही. स्पष्टच सांगतो, ताई. तीन वर्षांची कुत्री आहे, पण मग ती फार काळ काढणार नाही."

टिकली टेबलावर बसून त्याच्या स्टेथोस्कोपची नळी चाटत होती. मी ती नळी तिच्या तोंडातून सोडवली.

"पण असं कसं झालं?" मी विचारलं. "जूनमध्ये पहिल्या गोळीला बरी झाली होती ना?"

"तेच मलाही कळेना. जून आणि ऑगस्टला एक दिली, नोव्हेंबरला दुसरी. दोन्ही आता निकामी. चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स झाल्यावर इतक्या लवकर असं होत नाही सहसा."

तेव्हा बाबा मदत करायला पुढे सरसावले. खरंच मदत करायला. "डॉक्टर, गोळ्या नव्या लिहिण्याआधी बघा, मागच्या आहेत घरी. फुकट जायला नकोत. जून-ऑगस्टच्या चव्वेचाळीस आहेत, नोव्हेंबरच्या बावीस. डबीवर तारीख घालून नीट ठेवल्यात."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "किती?"

"सहासष्ट. दर वेळी अठ्ठावीस आणल्या, तीन दिवसांच्या दिल्या, बावीस शिल्लक. चौथ्या दिवशी ती ठणठणीत असायची. बऱ्या झालेल्याला कशाला औषध?"

मग मी बोलले, आणि बराच वेळ बोलले. बाहेरच्या बाकावर बोकडाचा मालक उठून आत डोकावून गेला इतकं बोलले. सात महिने पोरगी रक्त गाळतेय आणि तुम्ही गोळ्या डबीत साठवताय. कागद माझ्या हातात देत नव्हतात. अर्धा मेलेला जंतू तुम्ही पोसलात, आणि वर धन्याचं पाणी. बाबांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. "चौतीस वर्षं मी औषधं दिलीत," ते म्हणाले. "माणसांना."

डॉक्टर खांदवेंना बहुधा भांडण थांबवायचं होतं. "काका, तुम्ही कंपौंडर होता? कुठे?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं. डॉक्टरचा चेहराच बदलला. तो खुर्चीतून अर्धा उठला. "भालेराव कंपौंडर! अहो, ते आमचंच गाव. माझी आजी तुमच्याशिवाय कुणाचं औषध घ्यायची नाही. यमुनाबाई खांदवे. आठवती का? ठेंगणी, कपाळावर गोंदलेलं. मला बोट धरून आणायची. म्हणायची, भालेरावाच्या हाताला गुण हाय. दर दोन-तीन महिन्यांनी तिची फेरी ठरलेली असायची तुमच्या खिडकीला."

"आठवतात," बाबा म्हणाले. मग विचारलं, "कशासाठी यायच्या त्या?"

"तिला लघवीची जळजळ..." डॉक्टर बोलता बोलता थांबला.

"आता कशा आहेत?"

"गेली. सात वर्षं झाली." त्याने टेबलावरचा रिपोर्ट सरळ केला, जो आधीच सरळ होता. "किडनीनं."

एवढंच झालं. त्याने गोळ्या लिहून दिल्या, आम्ही पैसे दिले, टिकलीला उचललं. रिक्षात बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि टिकलीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण बाबा बाहेर बघत होते आणि मला त्यांचा फक्त कान दिसत होता. मी गप्प बसले. दया म्हणून नव्हे. पुढचं भांडण घरी करू, असा विचार केला.

घरी मी जाहीर केलं की यापुढे गोळ्या मी देणार. आईने विचारलं, "दुपारी दोनची कोण देणार? कंपनीची गाडी पाठवणार आहेस का तिला?" सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. सहा आणि दहाला मी होते. दोनला बाबांशिवाय कोणी नव्हतं. टिकलीचा जीव दुपारी दोनच्या गोळीवर अडकला होता, आणि ती गोळी त्याच माणसाच्या हातात होती.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अठ्ठावीस ओळी, तीन रकाने, प्रत्येक चौकोनात देणाऱ्याची सही आणि वेळ. प्रिंट काढून फ्रिजवर लावला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुड्यांवर सूर्य-चंद्र काढले, त्याला मी सही करायला लावली. मला तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. बाबांनी तक्ता चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "ओळी सरळ आहेत." आणि तिन्ही वेळच्या गोळ्या स्वतःकडे घेतल्या. मी नको म्हणाले नाही, पण रोज रात्री झोपण्याआधी डबीतल्या गोळ्या मोजल्या.

चौथ्या दिवशी टिकली अंगणभर धावली. सर्जेरावांच्या मांजरीला भिंतीवर चढवलं, आईची चप्पल पळवली. मी ऑफिसातून घरी दोनदा फोन केला, दोन वाजून पाच मिनिटांनी आणि दोन वाजून दहा मिनिटांनी. दुसऱ्यांदा बाबा म्हणाले, "दिली. आता फोन ठेव, तुझा तो बग पळून जाईल." त्या रात्री डबीत बहात्तर गोळ्या होत्या, आणि हिशोबाने बहात्तरच असायला हव्या होत्या.

आठव्या दिवशी तिने गोळी ओकून टाकली. हे मला आईकडून कळलं. भर दुपारी बाबा चालत विश्रांतवाडीच्या चौकात गेले, पहिल्या दुकानात मिळाली नाही म्हणून दुसऱ्या, मग तिसऱ्या दुकानात, आणि एक सुटी गोळी घेऊन आले. डबीतली का नाही दिली, असं आईने विचारलं. "ती उद्याची आहे," बाबा म्हणाले. तक्त्यावर त्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं: दुपारी २ ची उलटली, पुन्हा दिली ३.२०. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं.

त्यानंतर मी डबी मोजायचं बंद केलं. बाबांना तसं सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी दोनची गोळी देऊन ते पायरीवर बसले होते. टिकली त्यांच्या पायाशी. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डॉक्टर सात दिवसांच्या लिहायचे."

"काय?"

"दवाखान्यात. कागदावर सात दिवसांच्या लिहिलेल्या असायच्या. मी तीन दिवसांच्या द्यायचो. सगळ्यांना."

मी पायरीवर बसले.

"तीन महिन्यांचा साठा यायचा," बाबा सांगू लागले. "तो पुरायचा सहा आठवडे. पुढचे सहा आठवडे कपाट रिकामं. माझ्या आधीचा कंपौंडर कागदाप्रमाणे सात दिवसांच्या द्यायचा. आधी येतील त्यांना. आणि आधी कोण येणार? ज्यांची घरं जवळ, ज्यांना रांगेत कोणी मागे ढकलत नाही ते. आपल्या लोकांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. बाया मजुरीवरून सुटून येईपर्यंत खिडकी बंद, नाहीतर कपाट रिकामं. मी लहान असताना आमच्या गावीही हेच होतं. माझी आई तशीच हात हलवत परत यायची. मी खिडकीत बसलो त्या दिवशी ठरवलं, माझ्या खिडकीतून रिकाम्या हाताने कोणी जाणार नाही. पाटलाला तीन दिवस, ओढ्यापलीकडेही तीन दिवस. एकवीस वर्षांत एकही माणूस रिकामा गेला नाही, आम्रपाली. हे मी छातीवर हात ठेवून सांगत आलो." त्यांनी टिकलीच्या कानामागे खाजवलं. "लोक परत यायचे. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी. मला वाटायचं, विश्वास आहे म्हणून येतात."

म्हणावंसं वाटलं की तुमची चूक नव्हती. पण टिकलीच्या बाबतीत ती होती, आणि मी ती दहा दिवस त्यांच्या तोंडावर फेकली होती. शेवटी मी एवढंच म्हणाले, "चहा गार होतोय." त्यांनी चहा प्यायला.

अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. त्यानंतर डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे एक आठवडा थांबून आम्ही पुन्हा बाटली भरली. तो आठवडा मी नीट झोपले नाही. टिकली अंगणात बसली की मी आणि बाबा दोघंही खिडकीतून बघायचो, ती किती वेळा बसते ते मोजायचो, आणि एकमेकांना दिसलो की दुसरंच काहीतरी काम असल्यासारखं दाखवायचो.

रिपोर्ट घ्यायला मी, बाबा आणि टिकली, आम्ही तिघं गेलो. डॉक्टर खांदवे दारातच उभे होते. "क्लीन!" ते म्हणाले. "एकही जंतू वाढला नाही. किडनीचे आकडेही खाली आलेत. काका, हे शंभर टक्के तुमचं काम. अठ्ठावीस दिवस न चुकवता देणारे मालक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बघितलेत."

मी टिकलीला मिठी मारली. तिला ते आवडलं नाही. डोळे पुसताना मी बाबांकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. ते खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या आजीला सात दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असायच्या. मी त्यांना तीन दिवसांच्या देत होतो. दर वेळी. तुम्हाला हे सांगायला हवं होतं, पण हिचं काय होतंय ते बघून मग सांगू म्हटलं."

महिनाभर मी याचीच वाट बघत होते. माणसाने एकदा तरी म्हणावं, माझं चुकलं. आणि आता बाबा ते म्हणत होते, मला नव्हे, एका परक्या मुलाला, आणि मला वाटलं, मधे पडून त्यांना गप्प करावं.

टेबलाच्या पलीकडची आपली खुर्ची सोडून डॉक्टर बाबांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले.

"आजीला माहीत होतं, काका," ते म्हणाले. "सातचा आकडा तिला वाचता यायचा. तेवढाच यायचा."

"मग त्यांनी कधी मागितल्या का नाहीत?"

"मागती कशाला? तिनं तीन दिवस तरी कुठं घेतल्या? एक दिवस घ्यायची. जरा बरं वाटलं की बाकीच्या जावेला द्यायची, न्हाईतर खुरपायला येणाऱ्या बायकांना. आम्ही ओरडायचो तिच्यावर. ती म्हणायची, कंपौंडर एवढा शिकल्याला माणूस, तो सगळ्यांना पुरवून पुरवून देतोय. मग मी एकटीनं सगळ्या खाऊ व्हय?"

बाबांनी मान खाली घातली. टिकली टेबलावरून उडी मारून त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

नाही म्हण, असं मी मनातल्या मनात त्या डॉक्टरला म्हणत होते. दोन अक्षरं तर आहेत.

"झाला, काका," तो म्हणाला. "दीड वर्ष. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. जनावरांच्या किडनीचा धडा पाठ करत होतो आणि घरात तिचे सुजलेले पाय बघून मला काही कळलं नाही."

बाहेर बाकावर कोणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं होतं. डॉक्टर उठले नाहीत. बाबा उठायला लागले, तर त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं. "बसा काका. बाहेरचे थांबतील," ते म्हणाले.

मी बाबांच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. गेल्या पंधरा वर्षांत मी तो धरला नव्हता. डाव धरताना जराही न हललेल्या त्या हाताने माझी बोटं घट्ट धरली, आणि बाहेरचं कुत्रं भुंकायचं थांबलं तरी सोडली नाहीत.